स्लॅब भरण्याआधी: आरसीसी कामातल्या या चुका टाळा

उद्या सकाळी आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या लागणार आणि आज संध्याकाळी प्लंबर विचारतो, "साहेब, टॉयलेटचा पाइप कुठून काढू?" आर्किटेक्टचं ड्रॉइंग बरोबर असतं, आरसीसी कन्सल्टंटचंही (म्हणजे बीम, कॉलम आणि सळया ठरवणाऱ्या इंजिनिअरचं). दोन्ही एकावर एक ठेवून मात्र कुणी पाहिलेली नसतात. पाइपच्या वाटेत बीम आहे हे तेव्हा कळतं.

मग महिन्याभराने कोअर कटिंगवाला, म्हणजे मशीनने काँक्रीटला गोल भोक पाडणारा, येतो. बीमला कॉलमजवळ भोक पाडण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. तिथे कातरबल (बीम कापू पाहणारा जोर) जास्त असतं, म्हणून तर आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकानुसार बीमच्या टोकाकडच्या भागात रिंगांमधलं (मुख्य सळयांभोवतीच्या वाकवलेल्या सळयांमधलं) अंतर १०० मिमीच्या वर जाऊ शकत नाही. कटिंगच्या मशीनखाली नेमक्या त्याच रिंगा जातात. स्लीव्ह (पाइपसाठी जागा राखणारी नळी) शटरिंगच्या, म्हणजे साचा बांधण्याच्या, वेळीच बसवा, जागा मात्र कन्सल्टंटला ठरवू द्या. भोक आधीच पडलं असेल तर ग्राउट (पातळ सिमेंटचं मिश्रण) भरून प्लास्टरखाली झाकू नका. फोटो काढून कन्सल्टंटला बोलवा.

दुसरी भानगड कॉलमची. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू ३०० मिमी आहे, पण प्लॅनमध्ये भिंतीत लपणारा २३० चा कॉलम अजून सर्रास दिसतो. फर्निचरचा लेआउट ग्राहकाला दाखवून झाल्यावर कॉलम खोलीत ७० मिमी बाहेर आला, की सगळे कन्सल्टंटवर ओरडतात. खरं तर ही बोलणी पहिल्या स्केचलाच व्हायला हवीत.

बीम आणि कॉलमची बाहेरची कड एका रेषेत असली तर दोघांच्या कोपऱ्यातल्या सळया एकमेकींवर येतात. फिटर (सळया बांधणारा) त्याच्या परीने मार्ग काढतो, बहुधा कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, खाऊन. कॉलमला ४० मिमी कव्हर लागतं, तेव्हा सांध्याचा तपशील आधीच मागून घ्या.

जुन्या प्रिंट फाडून टाका. ऑफिसात आर-२ (दुसरी सुधारित प्रत) आणि फिटरच्या खिशात आर-० (मूळ प्रत) असं माझ्याच साइटवर घडलंय. फोनवर सांगितलेला बदलही ड्रॉइंगवर येईपर्यंत झालेला धरू नका.

कॅंटिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या, बाल्कनीकडे मात्र नीट बघा. मुख्य सळई वरच्या बाजूला असते. आर्किटेक्टने पाण्यासाठी बाल्कनी ५० मिमी खाली घेतली, की ती सळई खोलीच्या स्लॅबमध्ये सरळ जात नाही. लेव्हलचा हा फरक कन्सल्टंटला कळवलाय का, ते विचारा. भरताना मजुरांच्या पायाखाली सळयांची जाळी दबली असेल तर काम थांबवून चेअर (जाळी वर धरणारे सळईचे आधार) लावा, मगच पुढचं काँक्रीट ओता.