कॉलेजची टीम बाहेरगावी खेळायला निघाली? नाशिकवरून तिच्या मागोमाग मॅच बघायला कसं जायचं ते सांगतो

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कॉलेज फुटबॉल म्हणजे बहुतेक ठिकाणी नॉकआउट. सकाळी हरली की टीम दुपारच्या गाडीत. त्यामुळे जायचं पक्कं ठेवा पण यायचं मोकळं ठेवा. रिटर्न तिकीट आधी काढून बसणारे एकतर सेमीफायनल अर्धवट सोडून पळतात नाहीतर तिकीट फुकट घालवतात, तिसरा प्रकार मी तरी पाहिला नाही.

टीम जाते कुठे ते माहीत असलं की अर्धं काम झालं. आपलं विद्यापीठ पुण्याचं, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, त्यात नाशिक, नगर (आता अहिल्यानगर) आणि पुणे हे जिल्हे येतात. आधी नाशिक विभागातल्या कॉलेजांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, ती शहरात असू शकते नाहीतर मालेगाव, मनमाड, सिन्नर, निफाड अशी कुठेही लागू शकते. मग आंतरविभागीय, म्हणजे नगर किंवा पुण्याची बाजू. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात आणि तो एआययूच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या, पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तिथे महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याची विद्यापीठं असतात. याशिवाय इंजिनिअरिंगवाल्यांचे स्पोर्ट्स फेस्ट, पुण्यात सीओईपीचं झेस्ट, पवईत आयआयटीचं आव्हान. फेस्टमध्ये साधारण आधी पूल, म्हणजे गटातल्या मॅचेस, आणि मग नॉकआउट असं असतं, म्हणजे एकापेक्षा जास्त मॅच बघायला मिळायची खात्री जास्त. पहिल्यांदाच बाहेरगावी जाताय तर फेस्टपासून सुरुवात करा, पैसे वसूल होतात.

तारीख आणि ड्रॉ कुठून कळणार, तर जिमखान्यातून. कॉलेजच्या साइटवर शोधत बसू नका. ड्रॉ पडला की तो आधी पीडी सरांच्या, म्हणजे खेळाच्या सरांच्या, फोनवर येतो, मग कॅप्टनच्या, मग टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिरका काढलेला फोटो, ज्यात नेमकी आपल्या मॅचची वेळ बोटाखाली गेलेली असते. म्हणून टीममधल्या एका पोराशी, शक्यतो सेकंड गोलकीपरशी, दोस्ती ठेवा कारण त्याच्याकडे उत्तर द्यायला वेळ असतो. आणि वेळ ही फक्त अंदाज समजा. आधीच्या मॅचेस लांबतात, एखादी टीम आलीच नाही की वॉकओव्हर मिळून आपली मॅच तासभर आधी सुरू होते, पाऊस आला की ग्राउंडचं तळं होतं आणि सगळं उद्यावर. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी ग्राउंडवर हजर राहा.

आता प्रवास. पुणे म्हणजे साधारण २१० किलोमीटर, आणि रेल्वेचा विचार सोडूनच द्या, नाशिक-पुणे सरळ लाइन अजून नाहीच, कल्याणवरून किंवा मनमाड-दौंडवरून वळसा पडतो. ठक्कर बाजार स्टँडहून एसटी पकडायची. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर आणि मग चाकण. हायवे रुंद झाल्यापासून चाकणपर्यंत मस्त जाते गाडी आणि चाकणला येऊन बसते. पाच तास धरून निघालात तरी वरचा एक तास चाकणच्या नावाने खिशात ठेवा. सकाळी दहाची मॅच असेल तर पहाटेची गाडी पकडायची हिंमत करू नका, आदल्या रात्री जाऊन कुणाच्या तरी रूमवर आडवे व्हा. पुण्यात नाशिकचं एक पोरगं नाही अशी गल्ली सापडणार नाही.

पुण्यात शेवटचा स्टॉप आता जुनं शिवाजीनगर नाही, वाकडेवाडी आहे, हे अजूनही लोकांना माहीत नसतं आणि घरचे फोनवर चुकीचा पत्ता सांगत राहतात. मी तर तिथपर्यंतही जात नाही, कंडक्टरला आधीच सांगून नाशिक फाट्याला उतरायचं, तिथे मेट्रोचं स्टेशन आहे, ती गाडी शिवाजीनगरवरून पुढे स्वारगेटपर्यंत जाते आणि सिव्हिल कोर्टला बदलली की डेक्कन, गरवारे त्या बाजूला. ट्रॅफिकमध्ये बसून घड्याळ बघण्यापेक्षा हे बरं.

नगरला जायचं असेल तर वार बघा. बरेचसे लोक शिर्डीवरून जाणारी गाडी पकडतात, पण गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी साईबाबांच्या भक्तांनी भरलेली असते, शिर्डीपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा नाहीतर आदल्या दिवशी रिझर्व्हेशन करा. नगरमध्ये तारकपूर, माळीवाडा आणि पुणे स्टँड अशी तीन वेगवेगळी स्टँडं आहेत, कुठली गाडी कुठे थांबते ते विचारूनच बसा, आणि परतीची गाडी कुठून सुटते तेही उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. मनमाडला रेल्वे सगळ्यात सोपी. मालेगावला आग्रा हायवेने एसटी, पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट उतरला की आलंच.

पवईला जायचं तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, ठाण्याला उतरून स्लो लोकलने कांजूरमार्ग, तिथून रिक्षा किंवा बस. गेटवर सिक्युरिटी विचारते, तेव्हा कॉलेजचं ओरिजिनल आयकार्ड पाहिजे, मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालायची ती जागा नाही. नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर आहे आणि मध्ये द्वारकेचा ट्रॅफिकवाला चौक आहे, हे नाशिककरांना सांगायची गरज नाही पण तरी दरवेळी कुणीतरी एक जण द्वारकेच्या सर्कलवरून फोन करतो की गाडी थांबवा रे. गाडी थांबत नाही.

गोव्याला विद्यापीठाची मॅच लागली तर नशीबच. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेने थेट मडगावला नेते. दुसरी गोवा एक्स्प्रेस, ती मनमाडवरून जाते, नाशिकरोडला येतच नाही, त्यात गोंधळ करू नका. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं पण आपल्याला ड्रॉ कळतो आठवडाभर आधी, म्हणजे व्यवहारात तत्कालच. प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, तीन जणांनी तीन फोनवरून बसायचं. ज्याचं पहिलं लागेल त्याने ग्रुपवर लगेच ओरडायचं नाहीतर डबल तिकिटं निघतात.

पैशांचं बोलू. खेळाडूंना कॉलेजकडून टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा आणि रोजचा भत्ता, मिळतो, आपल्याला शून्य. अटेंडन्सही खेळाडूंनाच मिळते, प्रेक्षकांना नाही, तेव्हा ७५ टक्क्यांचा हिशोब करूनच निघा, सरांना नंतर दाखवायला ड्युटी लीव्हचं पत्र आपल्याला कुणी देणार नाहीये. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे मुलींचा ग्रुप आपल्या निम्म्यात जातो आणि वरून चिडवतो. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा पास, ऐकायला भारी वाटते पण टीम पहिल्याच दिवशी हरली तर उरलेले दिवस पास घेऊन करणार काय, म्हणून मी तो फक्त मोठ्या स्पर्धेला आणि जोडून फिरायचं असेल तरच घ्या म्हणेन.

चाळीस-पंचेचाळीस जण तयार असतील तर पूर्ण एसटीच मिळते, डेपोत जाऊन 'प्रासंगिक करार' विचारायचा, लग्नाच्या वऱ्हाडाला जी मिळते तीच सोय. डिपॉझिट आधी भरावं लागतं आणि किलोमीटरचा हिशोब असतो, त्यामुळे जवळच्या गावाला परवडत नाही. पण पुण्याला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण गाडी आपली मॅच संपेपर्यंत थांबते. अट एकच, पैसे निघायच्या आधी गोळा करा. "येतो रे नक्की" म्हणणाऱ्यातले बरेच जण निघायच्या सकाळी आजारी पडतात आणि त्यांचा वाटा आपल्या डोक्यावर.

आणि आता ढोल. आपण नाशिकचे, ढोल नेणार नाही असं कसं होईल. पण एसटीत ढोल नेणं म्हणजे एक माणूस जास्त नेणं, तो मागच्या सीटवर आडवा पडतो, वळणावर घरंगळतो आणि कंडक्टर लगेजचं तिकीट फाडतो ते वेगळं. माझं मत विचाराल तर ताशा न्या, मांडीवर मावतो, आवाज ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला जातो. काड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. पाऊस आला तर आधी ताशा प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग तुम्ही झाडाखाली. ग्राउंडच्या शेजारी हॉस्पिटल असेल, वर्ग किंवा परीक्षा चालू असेल तर आधी जाऊन विचारा, दुसऱ्याच्या कॉलेजात आपण पाहुणे.

ग्राउंडवर उभं कुठे राहायचं हे पण शिकायला लागतं कारण या ग्राउंडांना स्टँड वगैरे क्वचितच असतो. टचलाइनपासून दोन-तीन पावलं मागे, लाइन्समनच्या रस्त्यात अजिबात नाही, आणि गोलपोस्टच्या मागे तर नाहीच. मी शक्यतो आपल्या सब्स जिथे बसतात त्याच्या समोरच्या बाजूला थांबतो, म्हणजे कोच काय ओरडतोय ते दिसतं आणि आपण काय ओरडतोय ते त्याला ऐकू जात नाही. रेफ्रीला शिव्या घालू नका. बाहेरच्या लोकांनी त्रास दिला तर मॅच थांबवायचा, अगदी बंद करायचासुद्धा अधिकार त्याला नियमानेच आहे, आणि मग नाव खराब होतं कॉलेजचं, फॉर्म अडकतात पोरांचे. समोरच्या टीमच्या पोरांना घरावरून-आईवरून काही बोलायचं नाही, जातीपातीवरून तर तोंडच उघडायचं नाही. चिडवायचं तर त्यांच्या फ्री किकला चिडवा.

मॅच बरोबरीत सुटली की या स्पर्धांमध्ये वेळ वाचवायला बऱ्याचदा थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी किक, लावतात. संध्याकाळची शेवटची मॅच असेल तर तेव्हा उजेड उतरलेला असतो, बॉल चिखलाने काळा झालेला असतो, कीपरचे ग्लोव्ह्ज ओले असतात आणि सगळे आपोआप सरकत सरकत लाइनच्या आत येतात. इथे आपल्याच पोरांना मागे ढकलायचं काम आपण करायचं. आपला पोरगा किक मारायला निघाला की ताशा बंद, त्याची झाली की मग काय फोडायचं ते फोडा.

टीमच्या राहण्याच्या ठिकाणी जाऊन ठाण मांडू नका. त्यांना बहुतेक वेळा एखाद्या होस्टेलच्या हॉलमध्ये गाद्या टाकून दिलेल्या असतात, तिथे आपण दहा जण रात्री बारापर्यंत गप्पा मारत बसलो तर सकाळी पाय चालतील का त्यांचे. काही द्यायचंच असेल तर केळी, पाण्याचे कॅन, बर्फ, ग्लुकोज, स्प्रे आणि क्रेप बँडेज, या गोष्टी कधीच पुरत नाहीत. मिसळ वगैरे मॅचच्या आधी खाऊ घालू नका, जिंकल्यावर घाला, आणि पुण्यात मिसळ खाऊन "आपल्या नाशिकसारखी नाही" हे मोठ्याने बोलायची सवय तेवढी आवरा, उपाशी राहाल.

परतीसाठी, मॅच सुरू व्हायच्या आधीच शेवटच्या दोन गाड्यांची वेळ लिहून ठेवा, एक हरलो तर आणि एक टायब्रेकर झाला तर. रात्री उशिरा नाशकात पोचणार असाल तर सिटीलिंकच्या सिटी बसच्या भरवशावर राहू नका, ज्याची गाडी स्टँडवर लावलेली आहे त्याने कुणाकुणाला कुठे सोडायचं ते सिन्नर यायच्या आतच ठरवून घ्या, कारण सिन्नरनंतर सगळे झोपतात आणि थेट नाशिकरोडला उठून "मला पंचवटीला सोड ना" सुरू होतं.