सांगलीच्या उन्हाळ्यात टिकणारे ओव्हरक्लॉकिंग

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री सांगलीतल्या माझ्या घरी एएमडी कंपनीचा राइझन ५ ५६०० हा प्रोसेसर मी बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डावरच्या मूळ सेटिंग प्रणालीतून, सर्व कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झला आणि १.२८ व्होल्टला बांधला. खोलीत २० अंश तापमान होते, तासभर सिनेबेंच ही भाराची चाचणी चालवूनही प्रोसेसर ७२ अंशांच्या वर गेला नाही आणि काम फत्ते झाले असे समजून मी निर्धास्त झालो. एप्रिलमध्ये दुपारी तीनच्या सुमारास व्हिडिओ रेंडर करीत असताना तोच संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडून पुन्हा सुरू झाला. आठवड्यात तिसऱ्यांदा तसे झाले तेव्हा मी खोलीतला तापमापी पाहिला. तो ३७ अंश दाखवत होता. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंश वर रोखून धरतो, खोलीच्या खाली नेत नाही, हे ठाऊक असूनही मी साधी वजाबाकी केली नव्हती. ७२ मधून २० गेले की ५२ उरतात आणि ३७ मध्ये ५२ मिळवले की ८९ होतात. त्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे.

ओव्हरक्लॉकिंगवरचे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने सुटे भाग चालवण्यावरचे, बहुतेक व्हिडिओ वातानुकूलित किंवा थंड हवेच्या खोलीत केलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि संगणकाच्या खोलीत बहुधा छताचा पंखाच असतो. त्यामुळे सुटे भाग निवडण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंतचा प्रत्येक निर्णय त्या दुपारच्या हिशेबाने घ्यावा.

खरेदीपूर्वी ओव्हरक्लॉकिंग करायचे की नाही हे ठरवावे, कारण प्रत्येक प्रोसेसर आणि प्रत्येक मदरबोर्ड त्याला परवानगी देत नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेले प्रोसेसर खुले असतात आणि त्यांचा वेग वाढवण्यासाठी झेड मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डाची नियंत्रक चिप) लागतो; बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एएमडीचे बहुतेक राइझन खुले असतात, मात्र ए५२० किंवा ए६२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, बी५५० किंवा बी६५० वर येतो. ‘के’ प्रोसेसर आणि बी मालिकेचा बोर्ड ही जोडी आपल्याकडे सर्रास विकली जाते, आणि ग्राहकाने जास्तीचे पैसे कशासाठी मोजले हे त्याला घरी गेल्यावर कळते. बोर्ड पाहताना दिव्यांच्या रोषणाईकडे न पाहता सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला हव्या तितक्या कमी व्होल्टने वीज पुरवणाऱ्या भागावर, धातूचा भरीव हीटसिंक आहे का हे पाहावे.

एसएमपीएसबाबत, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याबाबत, मात्र मी थोडा विस्ताराने लिहिणार आहे, कारण काटकसर नेमकी इथेच केली जाते. कार्यक्षमतेचे ब्राँझ किंवा गोल्ड मानांकन सगळेच पाहतात. त्याच्या बाजूच्या लेबलवरचा इनपुट व्होल्टेजचा आकडा क्वचितच कोणी वाचतो. काही स्वस्त एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, तर काहींवर १०० ते २४०. गावठाणाबाहेर मळ्यात राहणाऱ्यांकडे, किंवा फीडरच्या अगदी टोकाला असलेल्या घरांत, संध्याकाळी दाब २०० च्या खाली उतरणे नवे नाही. अशा ठिकाणी पहिल्या प्रकारचा एसएमपीएस ऐन भारात मान टाकू शकतो आणि दोष मात्र ओव्हरक्लॉकिंगवर येतो. म्हणून पूर्ण श्रेणीचाच घ्यावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची कमाल मागणी बेरीज करून त्यावर तिसरा हिस्सा मोकळा ठेवला, तर ओव्हरक्लॉकिंगनंतरही तो धापा टाकीत नाही.

विजेच्या बाकीच्या व्यवस्थेचेही तसेच आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा नावापुरते आहे असे समजावे आणि आधी वायरमनला बोलवावे. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल, तर तो शुद्ध साइन वेव्ह देणारा असावा आणि त्याचे बटण ‘यूपीएस’ मोडवर असावे. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला झेपतोच असे नाही. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो खेळ चालू असताना आधार देईल ही अपेक्षा करू नये. बायोस अपडेट करताना मात्र तोही पुरतो, कारण त्या वेळी मागणी कमी असते. आणि बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसशिवाय करूच नये.

कॅबिनेट पुढून जाळीचे घ्यावे. काचेचे तोंड असलेले कॅबिनेट दुकानाच्या कपाटात शोभून दिसते, पण आत हवा जाण्याचा मार्गच अरुंद असेल तर मागचा पंखा काय करणार? पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, अशी आत किंचित जास्त दाब ठेवणारी मांडणी आपल्या धुळीला योग्य, कारण हवा मग जाळीतून गाळूनच आत येते, फटींतून नाही. मार्केट यार्डाजवळच्या एका मित्राच्या दुकानातला संगणक हळदीच्या हंगामानंतर उघडला तेव्हा कूलरच्या पात्यांमध्ये पिवळट, नमदा झाल्यासारखा थर बसला होता. तो ब्रशने काढल्यावर, बाकी काहीही न बदलता, तापमान ११ अंशांनी खाली आले. कृष्णेच्या पुराचे पाणी ज्यांच्या गल्लीत येते त्यांना कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये हे वेगळे सांगायला नको.

कूलर म्हणून सहा पाइपांचा एक चांगला एअर कूलर मध्यम प्रोसेसरला पुरतो. बसवण्यापूर्वी त्याच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढावे. ते तसेच ठेवून ‘प्रोसेसर खराब आहे’ म्हणून परत आलेले संगणक मी स्वतः उघडले आहेत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरून कूलर काढताना संगणक दहा मिनिटे चालवून, मग बंद करून पेस्ट कोमट असतानाच कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. सरळ ओढला तर कूलरला चिकटलेला प्रोसेसर पिनांसह उपटून येतो.

रॅमच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटसाठी रॅमचा डीडीआर५-६००० हा वेग किंमत आणि कामगिरी यांचा मेळ घालणारा आहे. एएम५ वर पहिल्यांदा संगणक सुरू केल्यावर रॅमचे प्रशिक्षण, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घेण्याची प्रक्रिया, चालते आणि पडदा काही मिनिटे काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नये.

आता प्रत्यक्ष ओव्हरक्लॉकिंग. सुरुवातीला कशालाही हात न लावता एक दिवस वापर करावा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये दिसणारे तापमान, वेग व व्होल्टेज, आणि सिनेबेंचचे गुण, हे सारे खोलीच्या तापमानासह वहीत लिहून ठेवावे. त्यानंतर केवळ रॅमचे एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅममध्येच साठवलेली जादा वेगाची तयार मांडणी, चालू करून रात्रभर रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ चालवावे. एकही चूक दिसली तरी ती सोडून देऊ नये, कारण रॅमची चूक संगणक लगेच बंद पाडत नाही, फाइली हळूहळू बिघडवते. एक्सपो हेही कंपनीच्या दृष्टीने ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि त्यातून झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, याची जाणीव असावी.

प्रोसेसरचा वेग हाताने एका आकड्याला बांधण्याची माझी जुनी पद्धत मी आता कोणालाही सुचवत नाही. आजचे प्रोसेसर तापमान, विद्युतप्रवाह आणि विजेचा खप यांच्या मर्यादा पाहत स्वतःच वेग वाढवतात. त्यांना जागा करून देणे हेच आपले काम, आणि ती जागा व्होल्टेज कमी केल्याने मिळते. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तोच वेग १.३० ऐवजी १.२० व्होल्टला मिळाला तर खप साधारण १५ टक्के घटतो आणि तेवढीच उष्णताही. राइझनवर यासाठी बायोसमध्ये पीबीओ ही आपोआप वेग वाढवण्याची सोय आणि त्याखाली व्होल्टेज टप्प्याटप्प्याने घटवणारा कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. त्यात सर्व कोअरना आधी उणे १० द्यावे, दोन-तीन दिवस वापरावे, मग पाच-पाचने खाली जावे. इथे एक फसवी गोष्ट आहे: उणे आकडा जास्त झाला की संगणक भारात नव्हे, तर रिकामा बसलेला असताना किंवा साधे पान उघडताना कोसळतो, कारण हलक्या कामात एखादा कोअर कमी केलेल्या व्होल्टेजवर सर्वांत उंच वेग गाठतो. म्हणून नुसती प्राइम९५ ची भाराची चाचणी पुरेशी नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘व्हिया’ (WHEA), म्हणजे हार्डवेअरच्या, चुका येतात का हेही पाहत राहावे. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज काढून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली की बायोस मूळ स्थितीत येतो.

स्वयंचलित व्होल्टेजवर आंधळा विश्वास ठेवू नये, याला अलीकडचे दोन दाखले आहेत. २०२३ मध्ये एक्स३डी (जादा कॅशे मेमरीच्या) प्रकारचे काही राइझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या रॅम-नियंत्रक भागाच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची कमाल घातली. तेव्हा जुन्या बायोसवरचा बोर्ड मिळाल्यास एक्सपोपूर्वी बायोस अद्ययावत करावा. २०२४ मध्ये इंटेलने आपल्या १३व्या व १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधली अस्थिरता जास्त व्होल्टेजच्या मागणीशी निगडित असल्याचे मान्य करून मायक्रोकोड (बायोसमार्फत प्रोसेसरला मिळणाऱ्या अंतर्गत सूचना) सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढ्यांचा वापरलेला प्रोसेसर पुण्याहून किंवा कोल्हापुराहून स्वस्तात मिळत असेल, तर तो कोणत्या बायोसवर चालला होता हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हाच विचार लागू पडतो. मेमरीचा वेग वाढवत असताना एका टप्प्यानंतर कार्ड कोसळत नाही, तर आतल्या आत चुका दुरुस्त करीत मंदावते, म्हणून वेगाचा आकडा वाढला तरी चाचणीचे गुण घटू लागले की दोन पावले मागे यावे.

शेवटची चाचणी मी आता दुपारी दोन ते चार या वेळेत, खिडक्या नेहमीसारख्या ठेवून घेतो, आणि ८५ अंशांच्या वर जाणारी मांडणी स्वीकारत नाही. बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवली आहेत. एकात विजेची मर्यादा ६५ वॉटवर आणलेली आहे, दुसऱ्यात ती मोकळी आहे. होळी झाली की पहिले लावतो, दिवाळीनंतर दुसरे.