पंचवीस तारखेची वाट पाहू नका

लाइपझिगमध्ये, किंवा जर्मनीत कुठेही, तुमचा हा पहिलाच डिसेंबर असेल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. इथला नाताळ २५ तारखेला नसतो. तो त्याआधीच्या चार आठवड्यांत असतो आणि २४ला दुपारी २ वाजता रस्त्यावरून नाहीसा होतो.

नवीन आलेली आपली मुलंमुली दरवर्षी इथेच फसतात. चार आठवडे ऑफिस, घर, हीटर आणि मोबाइल. मग २५ला संध्याकाळी छान कपडे घालून, दिवाळीत लक्ष्मी रोडला जावं तशी बाहेर पडतात. बाहेर चिटपाखरू नसतं. नाताळचा बाजार उठलेला, ट्रॅम रिकाम्या. मग ग्रुपवर मेसेज येतो, "इथे काहीच नसतं." असतं हो. तुम्ही घरात बसलात तेव्हा होतं.

माझा पहिला डिसेंबर २०१५चा. त्या वर्षी २४ला गुरुवार होता. दुपारी ३ वाजता पिशवी घेऊन सुपरमार्केटला गेले, तर दार बंद आणि आत अंधार. २४ला दुकानं दुपारी २ला बंद होतात, तसा कायदाच आहे. २५ आणि २६ सणाची सुट्टी, आणि २७ला रविवार, म्हणजे पुन्हा बंदच. सोमवार सकाळपर्यंत घरात थोडे तांदूळ, मूठभर मुगाची डाळ आणि दोन कांदे. शुक्रवारी रात्री ताप भरला. घरात तापाची साधी गोळी नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला पाळीवर उघडं असलेलं औषधांचं दुकान शोधून टॅक्सीने जाऊन यायला ४० युरो गेले, आणि तेव्हा माझा पहिला पगारही झाला नव्हता. म्हणून सांगते, २२ तारखेलाच दूध, भाजी, ब्रेड, गोळ्या, सगळं भरून ठेवा. २३ला दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही दुकानं सुट्टीतही उघडी असतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता आनंदाचं. या दिवसांत सूर्य सकाळी ८ नंतर उगवतो आणि दुपारी ४ला मावळतो. पहिल्या वर्षी हा अंधार छातीवर बसतो, नंतरच्या वर्षीही थोडा बसतोच. इथल्या लोकांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे आडव्हेंट, नाताळच्या आधीचे चार रविवार. हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावर चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्याला चारही. हाम्बुर्गमध्ये अनाथ आणि गरीब मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिश विखेर्न यांनी १८३९मध्ये हे सुरू केलं. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं विचारत राहायची. त्यांनी लाकडी चाकावर रोजची एक मेणबत्ती लावायला सुरुवात केली. पुढे घरोघरी त्यातल्या रविवारच्या चारच उरल्या. तुमच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार होत असतील तर यातली गोडी तुम्हाला लगेच कळेल. दर आठवड्याला एक दिवस, थोडी मांडामांड, आणि शेवटच्या दिवसाची ओढ.

चक्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. ताटलीत चार मेणबत्त्या ठेवल्या तरी चालतं. पण फांद्यांचं चक्र घेतलंत तर एक कळकळीचं सांगणं आहे. तिसऱ्या रविवारपर्यंत ती पानं वाळून कडक कोरडी झालेली असतात. मेणबत्ती जळत ठेवून स्वयंपाकघरात फोडणी द्यायला जाऊ नका, फोन आला म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. आधी विझवा.

पहिल्या आडव्हेंटच्या आधीचा रविवार मृतांच्या स्मरणाचा असतो. जुन्या वळणाची घरं तो पार पडेपर्यंत खिडकीत दिवे लावत नाहीत. तो झाला की एका आठवड्यात गल्लीचा चेहरा बदलतो. आमच्या झाक्सन राज्यात जवळजवळ प्रत्येक खिडकीत लाकडी कमानीवर दिव्यांची रांग दिसते. हिवाळ्यात अंधारात खाणीत उतरून अंधारातच वर येणाऱ्या कामगारांच्या डोंगराळ मुलखातली ही कमान आहे. आणि बाल्कन्यांत टोकदार तारे लटकतात, हेर्नहूट गावचे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रस्त्यात थांबले होते. हुबेहूब आकाशकंदील! १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या निवासी शाळेत तो भूमिती शिकवताना तयार झाला. दिवाळीचा कंदील अजून उतरवला नसेल तर राहू द्या. शेजारी कौतुकाने विचारतील.

नाताळच्या बाजाराबद्दल थोडक्यात. ड्रेस्डेनचा बाजार १४३४पासूनचा, न्यूर्नबेर्गचाही प्रसिद्ध, जा जरूर. पण चार शनिवारी चार शहरं आणि चारशे फोटो असं करू नका. आपल्या गावच्या बाजारात मंगळवारी संध्याकाळी, गर्दी नसताना, एकटं तासभर फिरा. भाजलेले चेस्टनट घ्या, गरम कागदी पुडीने हात शेकत चाला. ग्लूवाइन म्हणजे मसाल्याची गरम वाइन. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा, कुणी वळूनही बघत नाही. कपाचे दोन-चार युरो अनामत घेतात, कप परत केला की मिळतात. शाकाहारी असाल तर तळलेल्या पदार्थांबाबत विचारून घ्या, काही ठिकाणी चरबीत तळतात. मऊ गोळ्यांत जिलेटिन असू शकतं. लसणाच्या सॉसमधले मशरूम पोटभर होतात.

ऑफिसात चिठ्ठ्या टाकून भेटी द्यायची पद्धत आहे. रक्कम ठरलेली असते, ती ओलांडू नका. आपली माणसं प्रेमापोटी चांदीची वाटी घेऊन येतात आणि समोरचा अवघडून जातो.

५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट चकचकीत करून दाराबाहेर ठेवतात आणि ६ला सकाळी त्यात संत निकोलाउसने ठेवलेला खाऊ सापडतो. घरात लहान मूल असेल तर हे विसरू नका, त्याला शाळेत विचारतात. माझे बूट सवयीने कायमच दाराबाहेर असत. एका वर्षी ६ तारखेला घाईत पाय घातला तर टोकाशी काहीतरी टणक लागलं. उलटा केला, तर दोन अक्रोड, एक संत्रं आणि सोनेरी कागदातलं चॉकलेट जिन्यावर घरंगळलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी ठेवलं होतं. तोवर आम्ही जिन्यात फक्त 'हॅलो' म्हणायचो.

जर्मन माणसं थंड असतात असं आपल्यात सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. त्यांचं दार वर्षभर लोटलेलं असतं, पण या चार आठवड्यांत ते किलकिलं होतं, आणि आपण नेमके तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात किंवा विमानात असतो. कुणी आडव्हेंटच्या रविवारी कॉफीला बोलावलं तर जा. ३ म्हणजे ३ला. घरी केलेल्या बिस्किटांची ताटली समोर येईल. चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाची, ताऱ्यांसारखी दालचिनीची, आणि प्रत्येक घराचा हात वेगळा, आपल्या करंज्यांसारखाच. येताना डबा भरून दिला तर तो रिकामा परत करू नका. मी शंकरपाळे भरून दिले होते. आजी आता नोव्हेंबर लागला की त्यांची आठवण करून देतात.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. ४ डिसेंबर हा संत बार्बाराचा दिवस. त्या दिवशी चेरीच्या दोन-तीन फांद्या आणायच्या, आठवडी बाजारात फुलवाल्याकडे मिळतात. रस्त्यावरच्या किंवा दुसऱ्याच्या बागेतल्या झाडाच्या तोडू नका. तोवर कडाक्याची थंडी पडली नसेल तर फांद्या एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर झाडाला हिवाळा येऊन गेल्याचं कळत नाही. दुसऱ्या दिवशी टोकं तिरपी कापून कोमट पाण्यात रात्रभर बुडवायच्या, मग फुलदाणीत. हीटरपासून लांब ठेवा, दर तीन दिवसांनी पाणी बदला. पहिले दहा दिवस काहीच होत नाही. नुसत्या काटक्या. मग एका सकाळी तपकिरी डोळे फुगलेले दिसतात, दोन दिवसांनी त्यांच्या टोकाला हिरवी चीर पडते आणि आतून पांढरं डोकावायला लागतं. जमून आलं तर २४ला फूल उमलतं.

२४ला संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजू लागल्या की जाड कोट घालून खाली उतरा. सगळी माणसं घरात असतात, रस्ता पूर्ण तुमचा असतो, आणि प्रत्येक खिडकीत दिवा असतो. थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या. दूध मात्र २२लाच आणलेलं असू द्या.