सुचतंय भरपूर, झोप मात्र नाही: कलावंतांनी काय सांभाळावं

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत जागरण ठरलेलंच. पण जागरणानंतर डोळे चुरचुरतात. तीन तास झोपूनही सलग चार दिवस थकवा नाही, तोंड बंद होत नाही, पैसा पाण्यासारखा जातोय, तर ती प्रतिभा नव्हे, उन्मादाची (मेनिया, म्हणजे मन आजारानं अतिउत्तेजित होण्याची) चाहूल असू शकते. डॉक्टरांना गाठा.

वहीत रोज तीनच गोष्टी टिपा: झोपेचे तास, खर्च, लिहिलेली पानं. या भरात लिहिलेलं फाडू नका, लगेच कुठे पाठवूही नका. दोन आठवड्यांनी वाचा.

उन्माद आवरायला दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधानं सुचणं बंद होतं, ही भीती जुनी. डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी 1979 साली लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांची माहिती मांडली: 12 जणांचं काम वाढलं, 6 जणांचं तेवढंच राहिलं, 6 जणांचं घटलं. शेवटच्या सहांना उडवून लावू नये. ब्रश धरताना हात थरथरतो, डोकं जड वाटतं, हे स्पष्ट सांगा. डोस बदलता येतो. परस्पर गोळी सोडली, तर उन्माद परत येण्याचा धोका मोठा.

लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर हवी. वारीत दिवेघाट चढताना घाम गेला, पाणी कमी पडलं, वर अंगदुखीला आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली, की ही पातळी चढते. मीठही एकदम तोडू नका. जुलाब-उलट्या, तोल जाणं, जीभ अडखळणं दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय.

रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: 14416, मराठीतही.