माउसचा स्लायडर टोकाला गेला, तरी बाण ऐकेना? मग हे करून बघा

मालवणात काकी घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. पूर्वी बुकिंग वहीत असायचं, आता एक्सेलमध्ये असतं. लॅपटॉपवरची अक्षरं बारीक दिसतात म्हणून तो तिने 43 इंची फोर-के टीव्हीला जोडून घेतलाय. मे महिन्यात गेलो तेव्हा तक्रार तयारच होती : "आधी बाण हलाचो नाय, आता उडये मारता." कुणा पाहुण्याने मदत म्हणून वेगाचा स्लायडर पार उजव्या टोकाला सरकवून दिला होता. तेव्हापासून काकी 14 तारखेच्या चौकटीवर क्लिक करायला जायची आणि बाण 15 वर उतरायचा.

स्लायडरला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, कारण निम्म्या तक्रारी वेगाच्या नसतातच. माउस उलटा करून सेन्सरच्या भोकात केस किंवा धूळ अडकली आहे का बघा आणि कोरड्या इअरबडने पुसून घ्या. टेबलाला काच असेल तर वर जाड पुठ्ठा किंवा पॅड टाका. सेन्सर पृष्ठभागाचे सतत फोटो काढून हालचाल ओळखतो, आणि नितळ काचेवर त्याला ओळखण्यासारखं काही सापडत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कापडी पॅड सर्द होऊन कडा वर येतात. तसं झालं की पॅड सरळ बदलावा, उन्हात वाळवत बसू नये.

टीव्ही वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यात वेळ घालवतो, त्यामुळे बाण हाताच्या मागून येतो आणि जड वाटतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. काकीकडे अर्धं दुखणं इथेच गेलं. वायरलेस माउसचा रिसीव्हर निळ्या, म्हणजे यूएसबी 3 च्या पोर्टात, पेन ड्राइव्हच्या शेजारी असेल तर तोही लांबच्या पोर्टात हलवा. यूएसबी 3 चा गोंगाट माउसच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो आणि बाण अडखळतो.

आता खरं काम, विंडोजवर. सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर 'अ‍ॅडिशनल माउस सेटिंग्ज' उघडा आणि 'पॉइंटर ऑप्शन्स' टॅबवर जा. तिथे 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' समोरची टिक काढा. नाव अचूकतेचं असलं तरी काम वेगळंच आहे : हात भरभर हलला तर बाण जास्त पळतो, हळू हलला तर कमी. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे 2001 पासून ही सोय आहे. काकीचा हात मुळात सावकाश, म्हणून बाणही रांगायचा. गेम खेळणारी मुलं ही टिक पहिल्यांदा काढतात. वयस्कर माणसांसाठीही ती काढावी असं माझं मत आहे.

त्याच टॅबवरच्या स्लायडरला अकरा खुणा आहेत. तो डावीकडून सहाव्या खुणेवर, मधोमध आणा. का, तर ही जागा एकास एक आहे : माउसने एक ठोका (हालचालीचा सगळ्यात छोटा इशारा) पाठवला की बाण एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, सरकतो. टोकाच्या खुणेवर तोच ठोका साडेतीनपट होतो, म्हणजे मधले पिक्सेल गाळूनच बाण पुढे जातो. कॉलमची बारीक कड पकडताना उड्या जाणवतात त्या याच.

मग वेग वाढवायचा कुठून? माउसमधूनच. चाकामागे छोटं बटण असेल तर ते डीपीआयचं. माउस एक इंच हलला की किती ठोके जातात, ते डीपीआय सांगतो. 1000 डीपीआयवर फोर-के टीव्हीचा 3840 पिक्सेल रुंद पडदा ओलांडायला माउस जवळजवळ 10 सेंटीमीटर सरकवावा लागतो. 1600 वर 6 सेंटीमीटर पुरतात, आणि एकही पिक्सेल गळत नाही. बटण नसलेला साधा माउस असेल तर नवीन घेताना डीपीआय बदलता येतो का, एवढं दुकानात विचारा.

तरीही 'वेग अजून थोडासाच हवा होता' असं वाटलं, तर रेजिस्ट्रीकडे, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीकडे वळा. विंडोज 11 च्या सेटिंग्जमधला स्लायडर 1 ते 20 या सगळ्या अंकांवर थांबतो, तिथे रेजिस्ट्रीची गरज नाही. जुन्या विंडोजमध्ये स्टार्टमधून 'रेजिस्ट्री एडिटर' उघडा आणि 'एचकी करंट यूजर', त्यात 'कंट्रोल पॅनल', त्यात 'माउस' इथपर्यंत जा. या फोल्डरवर राइट क्लिक करून आधी 'एक्स्पोर्ट' करा. हा तुमचा परतीचा रस्ता. मग 'माउस सेन्सिटिव्हिटी' उघडा. 10 म्हणजे एकपट, 11 म्हणजे सव्वापट, 12 म्हणजे दीडपट, 13 म्हणजे पावणेदोनपट. बदल करून साइन आउट व्हा, पुन्हा आत या. 20 हीच हद्द आहे, तिथे 100 लिहून बाण धावणार नाही. शेजारच्या 'थ्रेशोल्ड' नावाच्या नोंदी एक्सपीच्या आधीच्या काळातल्या उरलेल्या आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

त्याहूनही पुढे जायचं तर 'रॉ अ‍ॅक्सेल' हा विंडोजसाठीचा फुकट ड्रायव्हर (माउस हाताळणारं सॉफ्टवेअर) आहे. बसवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, 'सेन्स मल्टिप्लायर'मध्ये 1 ऐवजी 1.3 वगैरे लिहा आणि 'अप्लाय' दाबा. कचेरीच्या कॉम्प्युटरवर मात्र परवानगीशिवाय ड्रायव्हर घालू नका.

मॅकवर स्लायडरचं टोक आतून 3 या आकड्याशी संपतं. त्यापलीकडचा वेग 'लिनियरमाउस' या मोफत अ‍ॅपने मिळतो, आणि नव्या मॅकओएसमध्ये माउसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये अ‍ॅक्सेलरेशन, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे बाण कमीजास्त पळवणं, बंद करायची सोयही आहे.

डीपीआयचं बटण चुकून दाबलं जातं, विशेषतः पाहुण्यांची पोरं लॅपटॉपभोवती असली की. म्हणून काकीच्या जुन्या बुकिंगच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून आलोय : सहावी खूण, टिक काढलेली, 1600.