पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामासाठी व्हिडिओ गेम कसा वापरावा

पक्षाघातामुळे कमजोर झालेला हात पुन्हा कामाला लागावा, यासाठी तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करावी लागते आणि नेमका त्याचाच रुग्णाला, आणि खरे तर घरच्यांनाही, लवकर कंटाळा येतो. हा कंटाळा लांबवणे एवढेच व्हिडिओ गेमचे काम आहे. टोरांटोचे मेंदूविकारतज्ज्ञ गुस्तावो सापोस्निक यांच्या नेतृत्वाखाली चार देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४१ रुग्णांचे दोन गट केले होते. नेहमीच्या उपचारांसोबत एका गटाला निंटेंडो वी या यंत्रावरचे (हातातला रिमोट हलवून टीव्हीच्या पडद्यावर खेळायचे) गेम, तर दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ दोन आठवड्यांत तासाभराच्या दहा बैठकांत दिले गेले. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. त्यामुळे केवळ या कारणासाठी महागडे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. घरात यंत्र नसेल, तर कमजोर हाताने पत्ते वाटणे किंवा कॅरमच्या सोंगट्या उचलून ठेवणे हाही चांगला सराव आहे. यंत्र असेल किंवा नातवंडांकडून मिळत असेल, तर मात्र ते नीट वापरावे.

सुरुवात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या परवानगीनेच करावी. रक्तदाब किती असताना खेळू नये, झटके येण्याचा पूर्वेतिहास असल्यास चमकणारे दृश्य चालेल का आणि खांदा निखळलेला किंवा दुखरा असल्यास हात किती उंच न्यावा, हे तीन प्रश्न त्यांना स्पष्टपणे विचारावेत. खांद्याच्या वर हात नेण्याचे खेळ पहिल्या टप्प्यात टाळलेलेच बरे. कमजोर हात धरून ओढू नये आणि गेम जिंकवण्याच्या उत्साहात घरच्यांनी तो जोराने फिरवूही नये.

रुग्णाला चाके नसलेल्या, पक्क्या खुर्चीत बसवावे आणि दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत. काही रुग्णांना, विशेषतः मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्यांना, डावीकडचे जग जणू नसतेच. अशा वेळी पडदा सुरुवातीला समोर ठेवून, सवय झाल्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू डावीकडे सरकवावा. हातात रिमोट धरता येत नसेल, तर तो कापडी पट्टीने सैलसर बांधता येतो. मात्र बोटे निळसर पडत नाहीत ना, हे पाहत राहावे. ज्या हाताला संवेदनाच कमी आहे, त्याला पट्टी आवळली गेल्याचे कळत नाही.

आता गेमची खरी खोच. वीमधील बॉलिंगमध्ये रिमोटखालचे बटण दाबून धरायचे, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचे, की चेंडू सुटतो. ज्याची बोटे ताठरपणामुळे मिटलेली राहतात, त्याला बटण दाबण्यापेक्षा वेळेवर सोडणे अवघड जाते, म्हणून हा सराव त्याच्यासाठी मोलाचा आहे. पण रिमोटला फक्त रिमोटचीच हालचाल कळते. खांदा आणि कोपर हलले की नुसते मनगट झटकले, हे त्याला समजत नाही. टेनिसमध्ये तर खेळाडू पडद्यावर आपोआप धावतो आणि छोट्याशा झटक्यानेही चेंडू परततो. शिवाय हात पुरत नसला, की रुग्ण नकळत कमरेतून पुढे झुकून उणीव भरून काढतो. गुण वाढत जातात आणि हात आहे तिथेच राहतो! यावर एक सोपी युक्ती आहे: पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल ठेवावा, तो खाली पडला, की तो फटका मोजू नये.

मोजायचे ते फटके, आणि तेही नीट झालेले. वहीत तारीख, फटके आणि दुखले का, एवढे लिहावे. पडद्यावरचे गुण लिहिण्याची गरज नाही. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत, मध्ये विश्रांती द्यावी आणि दमल्यानंतर फटके बिघडू लागले, की थांबावे. गेम संपल्यावर त्याच हाताने पेला उचलणे किंवा शर्टाचे बटण लावणे असे एखादे रोजचे काम लगेच करून घ्यावे, कारण बॉलिंगमध्ये सुधारलेला हात जेवणाच्या ताटाशी आपोआप सुधारतोच असे नाही. अति खेळही नकोच: धडधाकट माणसांचेही वी खेळून खांदे दुखावल्याचे २००७ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे.

खेळताना अचानक तीव्र डोकेदुखी झाली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणभरही न थांबता १०८ वर फोन करावा. एरवी आठवड्यातून एकदा बाजूने, खांदा आणि कंबर दोन्ही दिसतील असा मोबाइल ठेवून दोन मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि पुढच्या भेटीत ते फिजिओथेरपिस्टला दाखवावे. गेम बदलायचा की अवघड करायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येते.