वारसाने आलेले लष्करी पिस्तूल: ओळख आणि मोल

वाडवडिलांच्या पेटीत जुने लष्करी पिस्तूल निघाले, की घरात पहिला प्रश्न किमतीचा येतो. परंतु आपल्याकडे अशा शस्त्राची किंमत पोलादापेक्षा कागदांवर अधिक ठरत असल्याने आधी मृत परवानाधारकाचे परवाना पुस्तक शोधावे आणि त्यातील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी ताडून पाहावा. सोलापूर शहरात परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असते. परवाना नसेल किंवा धारक हयात नसेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. वारसांचा त्यावरील हक्क तेवढ्याने जात नाही. ‘ते गंजलेले आहे, त्याला कोण विचारतो’ ही समजूत महागात पडते. निकामी आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या पुराण शस्त्राला कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण ते निकामी आहे हे घरच्यांनी ठरवायचे नसते.

हाताळताना पिस्तूल भरलेलेच आहे असे धरावे. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या, पिस्तुलात शंभर वर्षांपूर्वीची काळी दारूही जिवंत असू शकते, म्हणून ते रिकामे करण्याचे काम परवानाधारक कारागिराचेच समजावे.

ओळखीची खरी मेजवानी ठशांत असते. तिरप्या उजेडात भिंग लावून नळी, सांगाडा आणि मूठ पाहावी, प्रत्येक खुणेचे छायाचित्र घ्यावे. तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालकी. असे दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर शस्त्र सेवेतून अधिकृतपणे विकले गेले होते. बाणच नसेल, तर ते अधिकाऱ्याने स्वखर्चाने घेतलेले असू शकते, कारण पुष्कळ अधिकारी आपली पिस्तुले खासगी दुकानांतून घेत आणि नळीवर दुकानाचे नाव कोरलेले असे. मुकुट व एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा, म्हणजे नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचा, जुना ठसा आहे. चापाजवळच्या लोखंडी पट्टीवर पंजात मुकुट धरलेला सिंह दिसला, तर वस्तू ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील असण्याचा संभव आहे. सोलापूरचा किल्ला १८१८ साली कंपनीने घेतला, म्हणून असे पिस्तूल या भागात सापडणे अगदीच अशक्य नाही. त्यात रंजकाच्या वाटीची (पेट घेणारी दारू ठेवण्याच्या खोलगट भागाची) जागा भोके बुजवून सपाट केलेली दिसल्यास चकमकीच्या ठिणगीने उडणारे पिस्तूल पुढे स्फोटक टोपीवर उडणारे करून घेतले आहे, असे समजावे.

घरातील कथा ठशांनंतरच ऐकावी. ‘मार्शल लॉच्या वेळचे’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एन्फिल्ड रिव्हॉल्व्हरवर १९४२ साल ठोकलेले असेल, तर सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉशी त्याचा संबंध जोडता येत नाही, मग सांगणारे आजोबा कितीही आदरणीय असोत. उलट पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर सैनिकाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. तीच पलटण पिस्तुलावर निघाली, तर कथेला पुराव्याची जोड मिळते आणि किंमतही वाढते. खैबर भागातील नकलांवर मात्र डोळा ठेवावा: तेथील कारागिरांनी इंग्रजी अक्षरे उलटी किंवा चुकीची ठोकली आहेत आणि ठसेही उथळ, वेडेवाकडे असतात.

मोल ठरवताना सर्व भागांवरील क्रमांक जुळतात का, हे पाहावे. वेब्ली मार्क ६ सारख्या, १९१५ मध्ये ब्रिटिश सेनेने स्वीकारलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांवर एकच क्रमांक अपेक्षित असतो. त्यानंतर मूळ पृष्ठभाग. पितांबरी, चिंच किंवा पॉलिश पेपरने घासून चकाकवलेले पिस्तूल माझ्या मते खराब केलेले पिस्तूल होय. कोरडे सुती फडके आणि तेलाचा एखादा थेंब पुरेसा असतो, आणि ते चामड्याच्या म्यानात ठेवणे टाळावे, कारण पावसाळ्यात चामडे ओल धरते.

परदेशी लिलावातील आकडे पाहून हुरळून जाऊ नये. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि देशांतर्गत ग्राहक परवानाधारकच हवा. म्हणूनच .४५५ आणि .३८ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास) लष्करी रिव्हॉल्व्हरे, जी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि ज्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून लागतो, इतिहासाने श्रीमंत असूनही बाजारात अडकून पडतात; त्याउलट साधे .३२ बोअरचे विलायती रिव्हॉल्व्हर झटकन विकले जाते. विकायचे झाल्यास एकाच विक्रेत्याच्या शब्दावर न राहता दोघातिघांचे लेखी मूल्यांकन घ्यावे, सर्व वारसांची संमती आधीच तयार ठेवावी, आणि तुलनेसाठी अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह एकदा पाहून यावा. तेथे जुन्या शस्त्रांची घडण जवळून पाहता येते. विकायचे नाही आणि परवानाही कोणाला नको असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयामार्फत एखाद्या सरकारी संग्रहालयाला ते देण्याविषयी विचारणा करावी.